जमिनीखालची भुवई

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गेली बावीस वर्षं एक चार चाकांची गाडी ढकलतात. लग्न ठरत होतं तेव्हा आईने विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" मध्यस्थ म्हणाला, "रडारवर आहे." आईला वाटलं, विमानतळावर. लग्नानंतर दोन महिन्यांनी तिने भर बाजारात, भर उन्हात, केशरी जॅकेट घातलेले दाजी गाडी ढकलताना पाहिले आणि घरी येऊन पिशवी आपटत म्हणाली, "बाबागाडी आहे ती. आणि आत बाळसुद्धा नाही." तेव्हापासून ती त्यांना 'जावईबापू' म्हणते ते जरा खेचूनच.

मी त्याच ऑफिसात नकाशे काढते. ही नोकरी दाजींनी लावून दिली. ते हे कधी बोलून दाखवत नाहीत आणि ताई कधी बोलायचं सोडत नाही.

गाडीच्या पोटाशी एक चपटा डबा असतो. तो जमिनीत सूक्ष्मलहरी सोडतो. माती एकसारखी असली तर लहरी खाली जातात त्या जातातच. मध्ये पाइप, केबल, दगड, पोकळी असं काही वेगळं लागलं की त्या विखुरतात आणि त्यातल्या थोड्या परत डब्यात येतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून वस्तू किती खोल आहे ते काढायचं. ऐकायला सोपं आहे. पण पडद्यावर पाइपचं चित्र येत नाही, एक कमान येते. वस्तू डब्याच्या बरोबर खाली येण्याआधीच तिरकी दिसायला लागते, तेव्हा ती लांब वाटते. गाडी डोक्यावर आली की जवळ वाटते आणि पुढे गेली की परत लांब. या कमानीला आम्ही ऑफिसात भुवई म्हणतो. दिवसभर काय करतेस असं कोणी विचारलं तर मी सांगते, भुवया मोजते. लोकांना वाटतं माझं पार्लर आहे.

दाजी चालतात ते यंत्रासारखे, एका ठरलेल्या वेगाने. ताईबरोबर खरेदीला गेले तरी तोच वेग, त्यामुळे ती कायम दहा पावलं मागे आणि कायम चिडलेली. कामावर ते, धातूमुळे लहरी बिघडू नयेत म्हणून, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट घालत नाहीत, फोन सहकाऱ्याकडे देतात, आणि पट्ट्याचं बक्कलही प्लास्टिकचं वापरतात. त्याची गरज नाही असं मी त्यांना अनेकदा सांगितलं. "गरज नसेल," ते म्हणतात, "पण मग शंका तरी राहत नाही."

शंका हा त्यांचा खरा धंदा. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांनी एका रस्त्यावर ठामपणे सांगितलं होतं की पाण्याचा पाइप दीड मीटरवर आहे. यंत्रात कोरड्या वाळूचा आकडा भरलेला होता आणि खाली माती होती ओलीचिंब. ओल्या मातीत लहरी रेंगाळतात, उशिरा परत येतात, आणि यंत्राला वाटतं वस्तू फार खोल आहे. पाइप निघाला जेमतेम पाऊण मीटरवर. खोदाईयंत्राचा चालक केबिनसकट न्हाऊन निघाला आणि तीन गल्ल्यांचं पाणी दोन दिवस बंद राहिलं. तेव्हापासून दाजी 'पाइप आहे' म्हणत नाहीत. 'काहीतरी आहे' म्हणतात. खोदाईवाले त्यांना काहीतरीसाहेब म्हणतात, अगदी तोंडावर. दाजींना त्याचं काही वाटत नाही. ताईला वाटतं.

एकदा आईचं कानातलं परसात पडलं तेव्हा तिने मोठ्या आशेने जावयाला बोलावलं. दाजींनी प्रामाणिकपणे सांगितलं की एवढं लहान यात दिसत नाही. "मग त्यात दिसतं काय?" असं विचारून तिने तो विषय कायमचा संपवला.

म्हणून गेल्या वर्षी तिने स्वतःहून आम्हाला बोलावून घेतलं तेव्हा काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. तिच्या हातात नगरपालिकेची नोटीस होती. जुन्या दफनभूमीच्या बाजूचा रस्ता रुंद होणार होता आणि त्यात लहान मुलांचा कोपरा जाणार होता. ज्यांचं कोणी तिथे असेल त्यांनी जागा दाखवून अर्ज करावा, तिथले अवशेष उकरून नव्या दफनभूमीत हलवले जातील, बाकीच्या जागेवर रस्ता होईल, असं त्यात होतं. दफनभूमीची वही कधीच भिजून गेली होती, त्यामुळे जागा दाखवायची कशी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आमचा एक भाऊ तिथे होता. ताईच्याही आधीचा, आईचा पहिला. आठ दिवसांचा होऊन गेला. आम्हाला हे माहीत होतं, पण घरात कोणी बोलत नसे. त्या दिवशी आई पहिल्यांदा सगळं बोलली. ती दवाखान्यातच होती, उठायची परवानगी नव्हती. बाबा एकटेच त्याला घेऊन गेले. बाजारातून एक छोटी पत्र्याची पेटी घेतली होती. परत आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले, "विहिरीकडच्या कोपऱ्यापासून भिंतीलगत नऊ पावलांवर." आईने पुन्हा विचारलं नाही. पुढे ती अधूनमधून त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची, पण नेमकं कुठे उभं राहायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बाबा जाऊनही आता बारा वर्षं झाली होती.

"रस्त्याखाली नको तो," आई म्हणाली. मग दाजींकडे बघून म्हणाली, "जावईबापू, तुमचं ते यंत्र आणा."

या वेळी तिने ते खेचलं नाही.

योगायोग असा की त्या कोपऱ्याच्या पाहणीचं काम आमच्याच ऑफिसला मिळालं. दाजींनी आधीच बजावलं. हाडं दिसत नाहीत. दिसते ती हललेली माती. कधी न उकरलेल्या जमिनीत थर एकावर एक नीट बसलेले असतात. तिथे खड्डा करून परत बुजवला की ते थर तुटतात, आणि पन्नास वर्षं गेली तरी पुन्हा जुळत नाहीत. तेवढंच यंत्राला कळतं. पेटी पत्र्याची असेल आणि शाबूत असेल तर मात्र भुवई उमटेल, स्वच्छ उमटेल.

आता प्रश्न नऊ पावलांचा. "त्यांची पावलं लांब होती," आई म्हणाली. "मला कायम पळावं लागायचं." एका घराण्यात मायलेकींचं नशीब असं जुळतं. ताईने ट्रंकेतून बाबांची जुनी पँट काढली, दाजींनी पँटच्या पायाची लांबी मोजली, मग स्वयंपाकघर ते दार असं सहा वेळा लांब पावलं टाकत चालून बघितलं. आई बाजूला बसून "अजून लांब, अजून" म्हणत होती. हसू येण्यासारखंच होतं, आणि आम्ही हसलोही.

मंगळवारी पाहणी झाली. दाजींनी दोरी ताणून अर्ध्या अर्ध्या मीटरवर रेघा आखल्या आणि भिंतीच्या दूरच्या टोकापासून सुरुवात केली. आई घडीच्या खुर्चीवर छत्री धरून बसली होती. थर तुटलेले दिसले की दाजी गाडी थांबवत आणि सहकारी तिथे पांढरं निशाण रोवत असे. पांढरं म्हणजे कोणीतरी आहे, पण खात्री नाही. पिवळं म्हणजे खात्री. पिवळ्या निशाणांचा गठ्ठा दाजी खिशात ठेवतात आणि महिनोन्‌महिने तो तसाच असतो.

साडेअकराच्या सुमाराला ते विहिरीकडच्या कोपऱ्यापाशी पोहोचले. नऊ पावलांच्या आसपास गाडी थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. मी आईशेजारी उभी होते. पडद्यावरची भुवई मला लांबूनही दिसली, काळी, ठळक, एक मीटरच्या खुणेवर. लहान मुलासाठी खणतात तेवढीच खोली.

आई उठली. छत्री तशीच उघडी टाकून ती दाजींपर्यंत गेली. "आहे का?" तिने विचारलं.

दाजींनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आहे."

नुसतं 'आहे'. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काम करतेय. हा शब्द मी त्यांच्या तोंडून असा एकटा कधी ऐकला नव्हता. त्यांनी खिशातून पिवळं निशाण काढलं आणि स्वतः रोवलं. आई खाली बसली आणि तिने जमिनीवर तळवा ठेवला. मग उठली, पाणी मागून प्यायली आणि दाजींना म्हणाली, "डोक्यावर काही घ्या. ऊन लागेल." बावीस वर्षांत जावयाच्या उन्हाची तिला प्रथमच काळजी वाटली.

दुसऱ्याच दिवशी तिने मला अर्ज लिहायला लावला. अर्ज शनिवारपर्यंत द्यायचे होते, सोमवारी खोदाई.

गुरुवारी मी ऑफिसात त्या कोपऱ्याचा नकाशा काढायला बसले. पहिलं काम नेहमीचंच. संगणकावर प्रत्येक भुवईवर एक आखीव कमान ठेवायची आणि लहरींचा वेग कमीजास्त करत ती बरोबर बसवायची. त्यावरून त्या मातीतला वेग कळतो आणि खोली पक्की होते. आमच्या भुवईवर कमान बसेना. ती फार पसरट होती. मी वेग वाढवत गेले. दुप्पट केला, तरी बसेना. तिप्पट केला तेव्हा अगदी बेतून शिवल्यासारखी बसली.

लहरी त्या वेगाने मातीत जात नाहीत. फक्त हवेत जातात.

डब्यातून निघणाऱ्या सगळ्याच लहरी खाली जात नाहीत, थोड्या वरही निसटतात. वर काही धातूचं असलं तर त्यावरून विखुरून त्या परत येतात, आणि यंत्र बिचारं समजतं की त्या खालूनच आल्या. हवेतले तीन मीटर त्याला जमिनीतला एक मीटर वाटतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दाजींनी मला हे शिकवलं होतं: भुवई फार पसरट दिसली की आधी मान वर कर.

जेवणाच्या सुट्टीत मी रिक्षा करून दफनभूमीत गेले. पिवळ्या निशाणापाशी उभी राहिले आणि मान वर केली. भिंतीतून एक लोखंडी दांडा पुढे आलेला होता आणि त्याच्या टोकाला पत्र्याची टोपी घातलेला दिवा. गेली कित्येक वर्षं तो लागलाही नसेल. तिथेच भिंतीला टेकून मी रडले, भावासाठी की दाजींसाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

चहाच्या वेळी मी दाजींना संगणकापुढे बसवलं. त्यांनी कमान स्वतः ठेवून बघितली. वेग कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिवा आहे का तिथे?" त्यांनी विचारलं.

"आहे. पत्र्याच्या टोपीचा."

"मी वर बघितलंच नाही गं. आई माझ्याकडे बघत होत्या आणि मी पडद्याकडे."

त्या संध्याकाळी ताईच्या घरी जुंपली. ताईचं म्हणणं सरळ होतं. आईला सांगायचं नाही. सोमवारी तिथे उकरतील, पन्नास वर्षांनी काय सापडणार, ओंजळभर माती पेटीत भरतील आणि नेतील. आईच्या जिवाला शांतता मिळेल. "तुमच्या खरेपणापायी तिला पुन्हा कशाला पोळता?" ती म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. मी तिच्याच बाजूने बोलले.

दाजींनी आमचं सगळं ऐकून घेतलं. "आणि तो रस्त्याखाली राहील," ते म्हणाले. "त्या एवढंच म्हणाल्या होत्या ना, रस्त्याखाली नको? मी गप्प बसलो तर मीच त्याला तिथे ठेवला असं होईल."

ताई भांडी घासायला निघून गेली आणि बराच वेळ तीच तीच भांडी घासत राहिली.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं आईकडे गेलो. दाजी खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं, जसं काम सांगतात तसं. तिथे पेटी नाही. यंत्राने वरचा दिवा दाखवला आणि मी तो ओळखला नाही.

"तुम्ही म्हणालात आहे," आई म्हणाली.

"म्हणालो. चुकलो."

आई उठून आत गेली. दार लावलं नाही, पण आम्ही कोणी तिच्यामागे गेलोही नाही. आतून नळाचा आवाज येत होता, बराच वेळ. ताई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, म्हणजे, बघ, मी म्हणत नव्हते? दाजी भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. माझा मलाच राग आला, की मी ती कमान ठेवून बघितलीच का.

आई तोंड धुऊन बाहेर आली. "मग तो कुठे आहे?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. पत्रा गंजून मातीत गेला असणार, आता तो दिसायचा नाही. बाबांची पावलं आपण अंदाजाने धरली. त्या भिंतीलगत माती हललेल्या सात जागा आहेत. त्यांतली एक त्याची असेल असं मला वाटतं. पण कोणती, ते मी कधीच सांगू शकणार नाही. हे यंत्रही नाही, दुसरं कुठलंही नाही."

"आणि बाकीचे सहा?"

"कोणाचे तरी."

"त्यांचे अर्ज आलेत?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. नकाशासाठी आलेल्या अर्जांची यादी माझ्याकडे होती. "एकही नाही," मी म्हणाले. "मुदत उद्या संपतेय."

आईने टेबलावरचा आपला अर्ज घेतला, एकदा वाचला, आडवा फाडला आणि मला म्हणाली, "सात कोरे आण."

शनिवारी खिडकी उघडायच्या आधीच आम्ही नगरपालिकेच्या बाहेर होतो. सातही अर्ज मी लिहिले होते. नावाच्या रकान्यात 'बाळ', कारण आठ दिवसांत त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं आणि बाकीच्यांचं आम्हाला माहीत नव्हतं. नात्याच्या रकान्यात आईने सातही ठिकाणी स्वतःच्या हाताने 'आई' लिहिलं. शेवटचा रकाना जागेच्या दाखल्याचा, तो पाहणी करणाऱ्याने भरायचा असतो. तिथे दाजींनी सातही वेळा एकच ओळ लिहिली: 'येथे माती उकरून बुजवलेली आहे. कोणाला पुरले आहे हे सांगता येत नाही.' खाली सही.

ताईने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, असं लिहिलंत तर ते घेतील का? 'मूल पुरलेलं आहे' एवढं लिहा, बास."

"मला ते दिसलेलं नाही," दाजी म्हणाले.

आत खिडकीमागे मध्यमवयाचे कारकून होते, सकाळीच दमलेले. त्यांनी पहिला अर्ज वाचला, दुसरा वाचला, मग सगळा गठ्ठा चाळला. "आजी, हे सातही तुमचेच?"

"सातही."

"सात मुलं गेली तुमची?"

आईने गठ्ठा परत त्यांच्यापुढे सरकवला. कारकुनांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मान वाकडी करून दाजींकडे बघितलं. "ही सही तुमची ना? तुम्ही इथे लिहिलंय, कोण आहे ते सांगता येत नाही."

"हो. येत नाही."

"आणि आजी वर लिहितात, 'आई'." त्यांनी अर्ज खाली ठेवला. चिडले नव्हते, खरंच पेचात पडले होते. "एकाच कागदावर दोन गोष्टी आहेत. मी यातलं कोणाचं खरं धरू?"

दाजींनी तोंड उघडलं, पण आईने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"दोघांचं धरा," ती म्हणाली. "हे जावई आहेत माझे. जे दिसलं नाही ते लिहीत नाहीत. आणि मीही खोटं लिहिलेलं नाही. त्यांना न्यायला दुसरं कोणी आलंय का?"

कारकुनांनी आमच्या मागे बघितलं. मागे रांग नव्हती. त्यांनी शाईची डबी पुढे ओढली आणि सातही अर्जांवर शिक्के मारले.